नायलॉनमधले काचतंतू एक्स-रेने मोजताना

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका प्लॅस्टिक मोल्डिंग युनिटमधून एका अभियंत्याने विचारलंय. ३० टक्के ग्लास भरलेल्या नायलॉन ६६ चा त्यांचा ब्रॅकेट वेल्ड लाइनपाशी, म्हणजे मोल्डमध्ये दोन बाजूंनी आलेला माल भिडतो त्या रेषेपाशी, फुटतोय. त्यांनी बाहेरून मायक्रो-सीटी (एक्स-रेने आतली त्रिमितीय प्रतिमा काढणारी तपासणी) करून घेतलं. अहवालात काचतंतूंचं प्रमाण २३ टक्के आलं, तंतूंची सरासरी लांबी ११० मायक्रॉन, आणि स्कॅनचा व्हॉक्सेल, म्हणजे प्रतिमेतला सगळ्यात छोटा घन, ४ मायक्रॉनचा. पुरवठादाराने ७ टक्के काच मारली असं धरून माल परत करायचा का, आणि एक्स-रेच्या अशा मोजणीवर कितपत विसंबायचं, असे त्यांचे दोन प्रश्न. सोबत ब्रॅकेटचा फोटो आहे, आणि शेवटी कार्बन फायबरचाही उल्लेख आहे.

माल परत करू नका. निदान या अहवालाच्या जोरावर तरी नको. तुमच्या मालात काच कमी असल्याचा कुठलाही पुरावा त्यात नाही. उलट अहवालातच काच जास्त मोजली गेली आहे.

पुरवठादाराचे ३० टक्के वजनाचे असतात. सीटी बघतं ती जागा, म्हणजे आकारमान. काचेची घनता साधारण २.५५, नायलॉन ६६ ची १.१४. शंभर ग्रॅम माल घ्या. त्यात ३० ग्रॅम काच म्हणजे ११.८ घनसेंमी, आणि ७० ग्रॅम नायलॉन म्हणजे ६१.४ घनसेंमी. एकूण ७३.२ पैकी काच ११.८, म्हणजे १६ टक्के. तुमच्या तुकड्यात काच अगदी सांगितल्याबरहुकूम असेल तर सीटीने १६ च्या आसपास आकडा द्यायला हवा होता. त्याने २३ दिला. म्हणजे प्रश्न मालाचा नसून मोजणीचा आहे, आणि ती का चुकली हे समजलं की पुढची सगळी कामं सोपी होतात.

सीटीमध्ये नमुना फिरत राहतो, वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रेचे हजार-दोन हजार फोटो निघतात आणि त्यांतून संगणक आतली त्रिमितीय प्रतिमा उभी करतो. दवाखान्यातल्या सीटीचं तत्त्व तेच. त्यासाठी हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ चं नोबेल मिळालं. प्रतिमेतला प्रत्येक छोटा घन म्हणजे व्हॉक्सेल, आणि त्याला एक करडी छटा असते. काचेत सिलिकॉन, कॅल्शियम, अॅल्युमिनियम आहे, ती एक्स-रे जास्त अडवते म्हणून उजळ दिसते. नायलॉन कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजनचं, म्हणून काळपट. इथपर्यंत ठीक आहे. पण तंतूच्या कडेवरच्या व्हॉक्सेलमध्ये अर्धी काच आणि अर्धं नायलॉन असतं, त्याची छटा मधली येते. ती काचेत धरायची की नायलॉनमध्ये, हे ठरवणारी रेघ म्हणजे थ्रेशोल्ड. ती रेघ यंत्र ओढत नाही, यंत्रापुढे बसलेला माणूस ओढतो.

आता तुमचा आकडा बघा. तंतूचा व्यास १० मायक्रॉन, व्हॉक्सेल ४ चा. म्हणजे अख्खा तंतू अडीच व्हॉक्सेलमध्ये उभा आहे. थ्रेशोल्ड जरासा खाली सरकला आणि तंतूची कड प्रत्येक बाजूला फक्त १ मायक्रॉन, म्हणजे पाव व्हॉक्सेल, बाहेर गेली, तर व्यास १२ दिसतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे १.४४ पट. १६ ला १.४४ ने गुणा: २३. तुमचा अहवाल जसाच्या तसा इथे सापडतो. नेमकं हेच घडलं असं मी शपथेवर सांगणार नाही, कारण मूळ प्रतिमा मी पाहिलेल्या नाहीत. पण पाव व्हॉक्सेलच्या सरकण्याने एवढा फरक पडतो, हे गणित तुम्ही कागदावर स्वतः करू शकता.

माणसाने रेघ ओढली नाही तर ती आपोआप ओढणारी ओत्सूची पद्धत बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आधीच लावलेली असते. १९७९ ची आहे आणि चांगली आहे, पण छटांच्या आलेखात दोन वेगळे उंचवटे दिसत असतील तेव्हाच. तंतू अडीच व्हॉक्सेलचा असला की दोन उंचवट्यांमधली दरी कडांच्या मधल्या छटांनी भरून जाते, आणि बटण दाबून आलेली रेघ कुठेही पडू शकते. म्हणून मी आधी त्याच मालाचा तुकडा घासून-पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली शंभरेक तंतूंचे व्यास मोजतो, आणि सीटीतल्या तंतूंचा सरासरी व्यास त्याच्याशी जुळेल असा थ्रेशोल्ड धरतो. दुसरा मार्ग भट्टीचा: शेजारचाच तुकडा जाळून काचेचं वजन काढायचं आणि थ्रेशोल्ड त्याला जुळवायचा. मात्र असं केलंत तर अहवालात ‘सीटीने प्रमाण १६ टक्के आढळले’ असं लिहू नका. ते भट्टीने सांगितलेलं आहे. सीटीने सांगायचं ते वेगळं: जाडीच्या कोणत्या थरात काच दाट आहे, कुठे विरळ आहे. हा प्रामाणिकपणा मी फार महत्त्वाचा मानतो, कारण या आकड्यांवर कुणाचा तरी माल परत जातो आणि कुणाचं तरी बिल अडतं.

व्हॉक्सेल केवढा हवा? एकेक तंतू सुटा ओळखायचा असेल तर व्यासात निदान चार, जमल्यास पाच व्हॉक्सेल बसायला हवेत. १० मायक्रॉनच्या काचेला २ मायक्रॉनचा व्हॉक्सेल. डिटेक्टर २००० पिक्सेल रुंद धरला तर दिसणारी रुंदी ४ मिमी. तुमच्या ब्रॅकेटची भिंत ३ मिमी असेल तर पूर्ण जाडी एका स्कॅनमध्ये बसते. नशीब म्हणा. अख्खा ब्रॅकेट यंत्रात ठेवून तंतू मोजता येत नाहीत, त्याने पोकळ्या आणि भेगा तेवढ्या दिसतात. आणि तुकडा लहान म्हणून घाबरू नका. १० मायक्रॉन जाडीच्या, २५० मायक्रॉन लांबीच्या तंतूंचा हिशोब केला तर १६ टक्क्यांच्या मालात एका घनमिलिमीटरमध्ये आठ हजारांच्या आसपास तंतू असतात. संख्येची कमतरता नसते. तुकडा नेमका कुठून कापला, तिथे खरी मेख आहे.

कापण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त नमुने वाया जातात. तुमच्या ब्रॅकेटमध्ये पितळी इन्सर्ट आहे असं फोटोत दिसतंय. पितळ एक्स-रेला भिंतीसारखं आडवं येतं आणि प्रतिमेत चहूकडे पांढरे-काळे पट्टे ओढतं. इन्सर्ट असलेला तुकडा स्कॅनला देऊच नका. वेल्ड लाइनवरचा एक तुकडा आणि तिच्यापासून लांब, सरळ प्रवाहातला दुसरा, असे निदान दोन घ्या. मी सोनाराची बारीक करवत वापरतो. इतवारीत सराफ्याच्या गल्लीत मिळते, पातीही स्वस्त असतात. हळू चालवायची, मध्ये मध्ये पाण्याचा थेंब टाकायचा. ग्राइंडरने कापलंत तर कड वितळते आणि कडेचे तंतू ओढले जातात. करवतीनेही कड थोडी बिघडतेच, म्हणून मोजताना बाहेरचा पाव मिलिमीटर सोडून द्यायचा. फक्त मोल्डची मूळ पृष्ठभागाची बाजू सोडायची नाही, का ते पुढे येईल.

तुकडा कापण्याआधीच त्यावर खूण करा. मोल्डमध्ये माल कुठून कुठे वाहिला, त्या दिशेला एका कोपऱ्यावर छोटी तिरपी खाच. मार्करची खूण एक्स-रेला दिसत नाही, खाच दिसते. खाच नसली तर प्रतिमेत तंतू सुंदर दिसतात, पण ते प्रवाहाच्या दिशेने आहेत की आडवे, हे कुणालाच सांगता येत नाही.

आणि तुकडा पक्का बसवा. एकदा मे महिन्यात मी नायलॉनचा असाच तुकडा दुहेरी चिकटपट्टीवर बसवून स्कॅन लावला. स्कॅन पावणेदोन तासांचा. मधेच खोलीचा एसी बंद पडला. बाहेर ४५ अंश, आतही झळ यायला लागली. प्रतिमा उभी राहिली तेव्हा प्रत्येक तंतूशेजारी त्याचा जुळा भाऊ होता, अगदी समांतर, केसाएवढ्या अंतरावर. सॉफ्टवेअरने बिनतक्रार दुप्पट तंतू मोजून दिले. पट्टीचा गोंद मऊ होऊन तुकडा तसूभर सरकला होता. नायलॉन स्वतःही फुगतं: काच नसलेल्या नायलॉनचा ५ मिमीचा तुकडा ५ अंशांनी तापला तर २ मायक्रॉन वाढतो, म्हणजे आपला अख्खा एक व्हॉक्सेल. तेव्हापासून मी तुकडा काचेच्या कांडीवर एपॉक्सीने चिकटवतो, रात्रभर सुकू देतो आणि यंत्राच्या आत तासभर ठेवून मगच स्कॅन सुरू करतो. स्कॅन संपल्यावर पहिल्या कोनातला फोटो पुन्हा एकदा काढून आधीच्या फोटोवर ठेवून बघतो. दोन्ही जुळले नाहीत तर तो स्कॅन मोजणीला घेत नाही.

यंत्राच्या सेटिंगचं थोडक्यात: ३ मिमी प्लॅस्टिकला व्होल्टेज कमी ठेवा, ६० ते ८० किलोव्होल्ट पुरतं. कमी ऊर्जेवर काच आणि नायलॉन यांतला फरक ठळक होतो. बाहेरची कड आतल्यापेक्षा उजळ दिसत असेल तर ते बीम हार्डनिंग आहे, अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा फिल्टर म्हणून लावला की बरंच कमी होतं. ते तसंच सोडलं तर कडेला काच दाट असल्याचा भास होतो.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे. ब्रॅकेट वेल्ड लाइनपाशी का फुटतो, याचं उत्तर काचेच्या टक्क्यात मिळणार नाही, तंतूंच्या दिशेत मिळेल. आणि सीटी जे सगळ्यात भरवशाने मोजतं ते म्हणजे दिशाच.

दिशा मोजताना एक सापळा आहे. तंतूला डोकं-शेपूट नसतं. एक तंतू प्रवाहाशी १ अंशात आणि दुसरा १७९ अंशांत असेल तर दोघेही जवळपास प्रवाहाच्याच दिशेने पडलेले आहेत. पण कोनांची साधी सरासरी काढलीत तर ९० येते, म्हणजे नेमकी आडवी. असे सरासरी कोनाचे अहवाल मी पाहिले आहेत आणि त्यांवर डिझाइनचे निर्णय घेतले गेलेलेही पाहिले आहेत. म्हणून दिशा टेन्सरमध्ये, म्हणजे आकड्यांच्या एका तक्त्यात, सांगतात. अडवानी आणि टकर यांनी १९८७ मध्ये ही मांडणी रूढ केली, मोल्डमध्ये माल कसा वाहील ते आधीच दाखवणारी मोल्ड-फ्लोची सॉफ्टवेअर आजही तिच्यावरच चालतात. त्यातले तीन आकडे बघायला शिका: प्रवाहाच्या दिशेचा, आडवा आणि जाडीच्या दिशेचा. तिघांची बेरीज नेहमी १ असते. पहिला ०.८ असेल तर बहुतेक तंतू प्रवाहाच्या रेषेत आहेत. तिन्ही ०.३३ असतील तर दिशेला काहीच कल नाही.

हे काढायला प्रत्येक तंतू सुटा करावा लागत नाही. छटा कोणत्या दिशेने भराभर बदलते आणि कोणत्या दिशेने बदलत नाही, एवढ्यावरून स्ट्रक्चर टेन्सरची पद्धत स्थानिक दिशा सांगते. तंतू एकमेकांना चिकटलेले असले तरी चालतं, थ्रेशोल्ड जरा इकडेतिकडे झाला तरी आकडा फारसा हलत नाही. म्हणजे तुमच्या ४ मायक्रॉनच्या जुन्या स्कॅनमधूनही दिशा काढता येईल, तो फेकू नका. प्रयोगशाळेकडून रंगीत त्रिमितीय चित्रं नकोत, मूळ करड्या छटांचे काप मागा. हक्काने मागा, पैसे त्याचेच भरलेले असतात. पूर्ण संच १६ जीबीच्या आसपास भरतो, पेन ड्राइव्हवर येतो. फिजी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातलं ओरिएंटेशन-जे एकेका कापावर चालवून बघा. ते सपाटीतलीच दिशा सांगतं, पण पहिला अंदाज यायला तेवढं पुरे.

काय दिसेल? सरळ प्रवाहातल्या तुकड्यात, मोल्डच्या भिंतीलगतच्या थरात तंतू प्रवाहाच्या दिशेने रांगेत पडलेले दिसतील, कारण तिथे घर्षणाचा ताण जास्त. मधल्या गाभ्यात ते प्रवाहाला आडवे पडलेले दिसतील. पृष्ठभागाची बाजू सोडू नका म्हणालो ते यासाठीच. या थरांची जाडी किती आणि गाभ्याची किती, यावर भिंतीचा ताठपणा ठरतो. पूर्ण जाडीची एकच सरासरी काढली तर हे सगळं पुसलं जातं. जाडीचे तीस-चाळीस थर करून प्रत्येक थराचा वेगळा आकडा काढा.

वेल्ड लाइनवर दोन बाजूंनी आलेला माल एकमेकाला भिडतो, आणि तंतू त्या भिडण्याच्या पातळीला समांतर होऊन बसतात. लाइन ओलांडून या बाजूचं त्या बाजूला बांधणारे तंतू जवळपास नसतातच. तिथे भार पेलतं ते नुसतं नायलॉन. ३० टक्के काचेच्या मालात वेल्ड लाइनची ताकद बाकीच्या भिंतीच्या निम्म्यावर येणं काही नवल नाही, आणि त्यात पुरवठादाराचा काडीचाही दोष नसतो. काच वाढवून हे सुटत नाही.

लांबीचं मोजमाप मात्र सगळ्यात कठीण, आणि तुमच्या ११० मायक्रॉनवर माझा विश्वास नाही. दाण्यात घालताना चिरलेली काच ३-४ मिमीची असते. कंपाउंडिंगच्या आणि मग मोल्डिंगच्या स्क्रूमध्ये ती मोडत जाते, आणि तयार भागात सरासरी २०० ते ३०० मायक्रॉन उरते. ११० खरी असेल तर कुठेतरी गंभीर मोडतोड आहे, जसं की रीग्राइंड (दळून पुन्हा वापरलेला माल) भरपूर मिसळलंय किंवा बॅक प्रेशर (स्क्रूवरचा मागचा दाब) फार ठेवलंय. पण आधी मोजणी तपासा.

विदर्भात तंतूची लांबी मोजणं नवीन नाही. जिनिंगवाले २९ मिमी, ३० मिमी असं बोलूनच गाठीचा भाव करतात. कापसाच्या तंतूंची लांबी मोजणाऱ्या फायब्रोग्राफ यंत्रात कंगवा तंतूंचा झुबका पकडतो, आणि लांब तंतू पकडला जाण्याची शक्यता त्याच्या लांबीच्या प्रमाणात जास्त असते. हे ठाऊक असल्यामुळे तिथे गणितात ते आधीच धरलेलं असतं. सीटीत हाच पेच उलटा येतो. समजा मोजणीसाठी ५०० मायक्रॉनचा घन निवडला आणि तंतू २५० मायक्रॉनचे, घनाच्या एका कडेला समांतर आहेत. त्या दिशेने घनाला स्पर्श करणाऱ्या तंतूंपैकी फक्त एक तृतीयांश पूर्ण आत असतात, उरलेले दोन तृतीयांश भिंतीवर कापले जातात. कापलेले तुकडे मोजले तर लांबी कमी येते. ते टाकून दिले तर लांब तंतू जास्त टाकले जातात, आणि लांबी तरीही कमीच येते. घन ४ मिमीचा घेतला तर ८८ टक्के तंतू पूर्ण आत बसतात आणि चूक बरीच आटोक्यात येते. त्याउपर प्रत्येक पूर्ण तंतूला त्याच्या लांबीनुसार भार देऊन सरासरी दुरुस्त करायची. तुमच्या प्रयोगशाळेने किती मोठा घन मोजला, हे विचारून घ्या. अहवालात ते लिहिलेलं नसणं हीच मला मोठी उणीव वाटते. शिवाय ४ मायक्रॉनच्या व्हॉक्सेलला तंतू मधेच तुटल्यासारखा दिसतो आणि एकाचे दोन मोजले जातात.

लांबीची एवढी काळजी का? तंतूची निदान किती लांबी हवी याचं केली आणि टायसन यांनी १९६५ मध्ये दिलेलं सूत्र आहे: तंतूची ताकद गुणिले व्यास, भागिले काच-नायलॉन पकडीच्या ताकदीची दुप्पट. २००० मेगापास्कल, १० मायक्रॉन आणि पकड ४० मेगापास्कल धरली तर २५० मायक्रॉन येतात. यापेक्षा आखूड तंतू मोडण्याआधीच नायलॉनमधून उपसून निघतो, त्याची पूर्ण ताकद वापरलीच जात नाही. म्हणजे ११० आणि २५० यांतला फरक नुसता कागदावरचा नाही.

यासाठी जुनी पद्धत अजून उत्तम आहे. तुकडा आधी ८० अंशांवर वाळवा, नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि पावसाळ्यात तर फारच. मग वजन करून साधारण ६०० अंशांच्या मफल भट्टीत जाळा. उरलेल्या काचेचं वजन म्हणजे तुमचा टक्का. कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेत हे एका दिवसात होतं. मालात टाल्कसारखं खनिज असेल तर तेही राखेत राहतं, म्हणून राख सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच बोला. तीच काच पाण्यात हलकेच पसरून पाचशे-हजार तंतूंची लांबी मोजा. चिमट्याने ओढू नका, जळलेली काच ठिसूळ होते. कडेचे, करवतीने कापले गेलेले तंतू घेऊ नका, मधला गठ्ठा घ्या.

तुमच्याच प्रश्नात शेवटी कार्बन फायबरचा उल्लेख आहे. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात बोइंग ७८७ चे कंपोझिट फ्लोअर बीम बनू लागल्यापासून माझ्याकडेही ही विचारणा वाढली. वरचं सगळं तिथे तसंच लागू होत नाही. कार्बन तंतू ५ ते ७ मायक्रॉनचा, म्हणजे व्हॉक्सेल १ मायक्रॉनचा आणि रुंदी २ मिमीची. एपॉक्सीही मुख्यतः कार्बनचीच, त्यामुळे छटांत फरक फार थोडा. तिथे फेज कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रे किती अडले याऐवजी त्यांच्या लहरी किती सरकल्या हे टिपणारी पद्धत, लागते. शिवाय आकारमानाने ६० टक्के तंतू असले की ते एकमेकांना टेकलेलेच असतात. भट्टीत उघड्या हवेत कार्बन तंतूही जळून जातात, म्हणून तिथे रेझिन आम्लाने विरघळवतात.

आता तुम्ही करायचं ते असं. या आठवड्यात त्याच लॉटच्या तीन ब्रॅकेटचे तुकडे जाळून काचेचं वजन काढा. २९-३१ मध्ये आलं तर पुरवठादाराला फोन करून विषय मिटवा. जुन्या स्कॅनचे मूळ काप मागवून वेल्ड लाइनच्या दोन्ही बाजूंची दिशा थराथराने काढा. तंतू लाइनला समांतर निघाले, आणि मला तसंच वाटतंय, तर तो आलेख घेऊन टूलरूममध्ये जा. गेट, म्हणजे मोल्डमध्ये माल शिरतो ते तोंड, हलवून वेल्ड लाइन बोल्टच्या भोकापासून दूर नेता येते का, किंवा लाइनच्या टोकाला ओव्हरफ्लोचा छोटा कप्पा करून माल थोडा पुढे ढकलता येतो का, हे तिथल्या मिस्त्रींशी बसून ठरवा. बदललेल्या मोल्डचा पहिला ब्रॅकेट निघाला की त्याच जागेचा तुकडा, त्याच दिशेला खाच करून, २ मायक्रॉनवर स्कॅनला द्या.